खात्रीचं रडणं

"चहात साखर नाही, पेशंटात जीव नाही," बोरसे सिस्टर शेजारणीच्या कानाशी लागून कुरकुरल्या. "आणि आपण हिला म्हणायचं, घाबरू नको गं बाई. ती कशाला घाबरेल? तिची वॉरंटी पाच वर्षांची आहे. माझी कधीच संपली."

शेजारीण ओढणीत हसली. त्यांच्या खुर्चीमागे वाकून वायर खोचणाऱ्या डॉ. निशिगंधा तायडेलाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं. प्रशिक्षकानं हसायचं नसतं, निदान पहिल्या चहाच्या आत तरी नाही.

जिल्हा रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरचं हे सभागृह. समोर चौथऱ्यावर तपासणीचं टेबल, आणि टेबलावर शाल पांघरून बसलेली ती. कागदोपत्री तिचं नाव 'ओंजळ'. पण इथं सगळ्या तिला 'पाहुणी' म्हणत, कारण ती आली की दोन दिवस सगळ्यांना जपून बोलावं लागे. लैंगिक अत्याचार झालेल्या बायका-मुलींना जिथं तपासतात, त्या कक्षात काम करणाऱ्या प्रत्येकीला दर काही वर्षांनी हे उजळणी प्रशिक्षण सक्तीचं होतं. डॉक्टर असो, नर्स असो, समुपदेशक असो. शेवटी पाहुणीची तपासणी करून दाखवायची. पास झालं तर कक्षात ड्यूटी, नाही तर नाही.

पाहुणी बाहुली नव्हती. तिची कातडी कोमट होती, मनगटाला नाडी लागायची, तळव्यांना घाम फुटायचा. मराठी बोले, अहिराणी बोले. तुम्ही दार न वाजवता आत आलात, की तिचा श्वास वर चढे. "तिकडं गेलीसच कशाला?" असं चुकून विचारलंत, तर तिच्या घशाला कोरड पडे, ती बोलायची थांबे आणि भिंतीवरच्या पडद्यावर विश्वासाचा काटा सर्रकन खाली येई. हे ती शिकली होती खऱ्या तपासण्यांच्या चित्रफितींवरून. चेहरे पुसलेले, नावं काढलेली, पण आवाज, थांबे, नाडीचे ठोके जसेच्या तसे. कोणत्या शब्दाला बाईचं शरीर मिटतं आणि कोणत्या शब्दाला उमलतं, एवढंच तिनं हजारो वेळा पाहून पाठ केलं होतं.

निशिगंधाचा या यंत्रावर जीव होता, आणि तो उगाच नव्हता. तिच्या उमेदवारीच्या काळात प्रशिक्षण म्हणजे रबरी ओटीपोट, पडद्यावरचे फिक्कट अक्षरांचे तक्ते आणि दुपारची डुलकी. भर वॉर्डात, पाच नातेवाइकांसमोर, "हं, काय झालं? नीट सांग" असं विचारणारे डॉक्टर तिनं पाहिले होते. पाहुणी आल्यापासून ते थांबलं. माणसाच्या ओरडण्यानं जे सुधारले नाहीत, ते काट्याच्या पडण्यानं सुधारले. पाहुणीची फाइल वर्षभर मंत्रालयात अडकली होती, ती सोडवून आणली औषधभांडाराचे प्रमुख प्रमोद खैरनार यांनी. प्रमोदभाऊंना अडलेलं सोडवायची कला होती. कुणाची बदली, कुणाच्या सासूला अतिदक्षता विभागात खाट, कुणाला बाजारात न मिळणारं इंजेक्शन. रुग्णालयात असं घर नव्हतं, ज्याच्या उंबऱ्यात भाऊंच्या उपकाराची रांगोळी नव्हती.

सध्या भाऊ रजेवर होते. 'रजेवर' हाच शब्द सगळे वापरत.

आणि दुसऱ्या रांगेत सिस्टर केतकी भामरे बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सभागृहात जागा कमी, मागे दोघी भिंतीला टेकून उभ्या, तरी त्या खुर्च्यांवर कुणी बसलं नव्हतं. कुणी दुष्टपणानं वागत नव्हतं. उलट प्रत्येकीनं येताना तिच्याकडं पाहून मान हलवली होती. घरात कुणी गेल्यावर हलवतात तशी.

महिन्यापूर्वी केतकी त्याच कक्षात आली होती, जिथं ती स्वतः काम करायची. या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. तिनं नाव सांगितलं होतं, जागा सांगितली होती, काय झालं ते एकेक शब्दात सांगितलं होतं. त्या दिवसापासून रुग्णालयात त्याला 'तो विषय' म्हणत. तो विषय पोलिसांत होता, तो विषय तक्रार समितीपुढं होता, त्या विषयावर आपण बोलू नये. प्रशिक्षणाला आली नाहीस तरी चालेल, बरं वाटेपर्यंत सूट देऊ, असं तिला कळवलं गेलं, तेव्हा तिनं उत्तर दिलं, "मला बरं वाटतंय. तुम्हाला वाटत नाहीये."

*

जेवणाच्या सुट्टीत डॉ. सानिका अहिरे डबा न उघडताच निशिगंधापाशी येऊन उभी राहिली. कोवळी, हुशार, निशिगंधाच्या हाताखाली तयार झालेली पोरगी. पाहुणीच्या परीक्षेत तिच्याइतके गुण जिल्ह्यात कुणाला नव्हते.

"मॅडम, सोमवारी जामिनाची तारीख आहे. कोर्टात द्यायच्या यंत्राच्या दाखल्यावर तुमची सही झाली का?"

"बघते."

"वाणी सर विचारत होते."

डॉ. वाणी म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, या इमारतीतले सगळ्यात मोठे साहेब. ते नुसते विचारत नव्हते. सकाळपासून त्यांचे दोन फोन येऊन गेले होते. "तायडे मॅडम, यंत्र बरोबर चालतंय, एवढंच तर लिहायचंय. बाई खोटं बोलते असं आपण कुठं म्हणतोय? आपण काहीच म्हणत नाही. म्हणतं ते यंत्र. आणि यंत्राचं कुणाशी वैर आहे का?"

झालं होतं असं. पाहुणीचं यश पाहून गेल्या वर्षी वरून हुकूम आला: हीच बुद्धी खऱ्या कक्षातही बसवा. छताला कॅमेऱ्याचा एक डोळा. तो तपासणी बघणार आणि डॉक्टर कुठं चुकली ते नंतर तिला एकटीला दाखवणार. इथवर उत्तमच. पण बघणारा डोळा दोघींनाही बघतो. डॉक्टरचं वागणं शिकवणीशी जुळतं का हे मोजता येतं, तर पेशंटचं वागणं अनुभवाशी जुळतं का हेही मोजता येईल, असं कुणाला तरी एसीत बसून सुचलं. त्याला 'सुसंगती' असं गोंडस नाव दिलं आणि अहवालाच्या तळाशी एक आकडा छापून येऊ लागला. शंभरपैकी.

बलात्कार झाला की नाही हे ठरवणं डॉक्टरचं काम नव्हे. आपण इलाज करायचा, धीर द्यायचा, पुरावा जपायचा, ठरवायचं कोर्टानं. हे वाक्य निशिगंधा प्रत्येक तुकडीला घोकून घ्यायची. आणि त्याच वाक्याच्या खाली तो आकडा मुकाट छापला जात होता. तिनंही कधी हरकत घेतली नव्हती. यंत्र तिचं लाडकं होतं, आणि लाडक्याच्या खोड्या माणूस उशिरा बघतो.

केतकीचा आकडा आला होता एकतीस.

"तू तपासलंस तिला," निशिगंधा सानिकाला म्हणाली. "तुला काय वाटलं?"

सानिका डब्याच्या झाकणाशी खेळत राहिली. "रडली नाही मॅडम ती. एकदाही नाही. उलट मलाच सांगत होती, अमुक नळी आधी, तमुक नंतर. मध्ये एकदा हसलीसुद्धा. म्हणजे... मी काही म्हणत नाही. पण मग आकडाही तसाच आला."

"आकडा कधी पाहिलास? तपासताना की नंतर?"

"बाजूच्या पडद्यावर दिसतोच ना मॅडम."

निशिगंधानं आपला डबा बंद केला.

*

दुपारी सराव सुरू झाले. कसले सराव, वाहन परवान्याची परीक्षाच ती. आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही. पाहुणीचा हात धरायचा नाही, टेबलाच्या कडेवर आपला हात उताणा ठेवायचा, काटा वर. तिच्या डोळ्यांच्या पातळीला यायला स्टूल ओढायचं, काटा वर. "तुम्ही सांगाल तेवढंच, सांगाल तेव्हाच". काटा आणखी वर. बोरसे सिस्टरांनी जांभई देत देत ब्याऐंशी काढले आणि पदर झटकून खाली उतरल्या. पाहुणी त्यांच्यासाठी घळाघळा रडली होती.

केतकीचा नंबर आला. ती चौथऱ्यावर चढली, पण स्टुलावर बसली नाही.

"मॅडम, हिला आज वेगळं वागायला लावता येईल?"

"कसं?" निशिगंधाच्या हातात प्रशिक्षकाची पाटी होती, पाहुणीला चालवायचा टॅब. "रडणारी आहे, गप्प आहे, थरथरणारी, चिडलेली, सुन्न. यातली कुठली देऊ?"

"शांत. स्पष्ट बोलणारी. विचारलं त्याचं उत्तर देणारी. पेशानं नर्स करा."

सभागृहात कुणाची तरी खुर्ची करकरली.

निशिगंधानं पाटीवरची यादी वरून खाली पाहिली. पुन्हा पाहिली. असा पर्याय नव्हता. आणि तो का नव्हता, हे तिला, त्या उभ्या सभागृहात एकटीला, माहीत होतं.

पाहुणीला शिकवायच्या वेळी प्रश्न आला होता, चित्रफिती कुठल्या घ्यायच्या? तक्रारी तर ढीगभर. खऱ्या कोणत्या, हे यंत्राला कोण सांगणार? मग तज्ज्ञांनी ठरवलं: ज्या खटल्यांत आरोपीला शिक्षा झाली, तेवढेच घ्यायचे. खात्रीचा माल. परिचयाच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं, आणि निशिगंधानं स्वतः मागच्या तुकडीला ते कौतुकानं वाचून दाखवलं होतं. पण शिक्षा कोणत्या खटल्यांत होते? जिथं बाईवर विश्वास बसतो. विश्वास कुणावर बसतो? जी रडते तिच्यावर. जी थरथरते, जिची वाचा जाते, जी धावत लगेच येते तिच्यावर. बाकीच्या सुटल्या. म्हणजे त्यांचे आरोपी सुटले, आणि त्या बायका यंत्राच्या शाळेतून वगळल्या गेल्या. यंत्र जे शिकलं ते बायकांचं दुःख नव्हतंच. आजवरच्या कोर्टांना, डॉक्टरांना, हवालदारांना जे दुःख पटलं, तेवढंच ते शिकलं. आपलेच जुने डोळे आपण काढून त्याला बसवले होते आणि आता ते निःपक्षपाती म्हणून त्याच्या पाया पडत होतो.

तिनं पाटीवरची यादी बंद केली.

"मोकळा सराव म्हणून एक सोय आहे," ती म्हणाली. "हातानं बसवते. अश्रू शून्य. नाडी स्थिर. पेशा नर्स. गोष्ट तीच, जी बोरसे सिस्टरांना सांगितली. ते बदलत नाही. हिच्यावर अत्याचार झालाय, हे तिच्यात लिहिलेलंच आहे."

"आणि तपासायला सानिका मॅडमना बसू दे," केतकी म्हणाली. "त्यांना सवय आहे."

सानिका उठली. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला फळ्यापाशी बोलावलं की ती उठते, तशी. स्टूल ओढलं, हात उताणा ठेवला, हलक्या आवाजात स्वतःची ओळख करून दिली. सगळं बिनचूक.

पाहुणीनं मान वर केली. डोळे कोरडे. "मॅडम, नळीवर आधी नाव लिहा, मग सील करा," ती म्हणाली. "उलट झालं तर कोर्टात बाद होतं. मला माहितीय, मी हे रोज करते." आणि थोडं थांबून, ओठाच्या एका कोपऱ्यानं हसली. "आज मी टेबलावर आहे म्हणून काय झालं."

सानिकाचा हात कडेवरून खाली घसरला. कुणी सांगायची गरज नव्हती; तिचा चेहराच सांगत होता की हे तिनं आधी ऐकलंय.

"थांबू नका," निशिगंधा म्हणाली. सभागृहाच्या छतालाही एक डोळा होता, सरावांचं चित्रण करायला. तोच डोळा, तीच बुद्धी. तिनं पाटीवर बोट ठेवून तो टेबलावरच्या पाहुणीकडं वळवला आणि सुसंगती चालू केली. एका यंत्रानं दुसऱ्याला बघायचं. दुसरं कसलं, स्वतःलाच.

आधी तिनं पाहुणीला पुन्हा रडवलं. भिंतीवर आकडा चढला, एक्याण्णव. मग अश्रू काढून घेतले, नाडी स्थिर केली. गोष्ट तीच, शब्द तेच, जागा तीच, माणूस तोच. आकडा घरंगळत आला आणि एकोणतीसवर थांबला. खाली ओळ उमटली: वर्तन विसंगत.

जिनं आपल्या पोटात ती गोष्ट घेऊन कारखान्यातून जन्म घेतला, तिच्यावरसुद्धा तिच्याच बुद्धीचा विश्वास बसेना.

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या.

"अपडेट आलं नसेल."

"नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो या मजल्यावर."

"कंपनीला कळवायला पाहिजे."

"मी सही करणार नाही," निशिगंधा म्हणाली. "आत्ता पाहिलं ते सगळं लिहून देणार आहे. वाणी सरांनाही, कोर्टालाही. हा आकडा कशाचा आहे आणि कशाचा नाही, ते."

"मॅडम," सानिका रडू लागली. खरं रडू, नाक लाल, शब्द ओले. "मी फक्त आकडा लिहिला. मी स्वतःचं काहीच लिहिलं नव्हतं."

"तेच तर," केतकी म्हणाली. "आकडा दिसला आणि तुम्ही माझ्याकडं बघायचं सोडलंत. मॅडम, मी रडले असते तर नळ्या कुणी लावल्या असत्या? तुमचे हात कापत होते. मला एवढंच सुचत होतं की हातांना येतं ते करावं. तेवढं केलं नसतं तर मी तिथंच फुटले असते." तिनं श्वास घेतला. "हसले, कारण तुम्ही मला विचारलंत, 'याआधी कधी या कक्षात आला होता का?' तीन वर्षं तुमच्या शेजारी उभी होते मी."



"जाऊ दे गं आता," समुपदेशक बाई म्हणाल्या. "यंत्राचीच चूक निघाली ना. झालं तर मग. मॅडम लिहून देतायत. आता त्या विषयावर..."

"कुठल्या विषयावर?"

"त्याच गं."

"नाव आहे त्याला. तुमच्या प्रशिक्षणाच्या फलकावर लिहिलंय, ही बघा केवढी मोठी अक्षरं. माझ्यापुढं मात्र एकीच्याही तोंडून येत नाही."

"आरडाओरडा करून काय होणार?" बोरसे सिस्टर एकदम उसळल्या. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उमटले होते. "यंत्राला शिव्या, सानिकाला शिव्या! तुला मी काय सांगितलं होतं? एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं! भांडारात एकटी जाऊ नको म्हणून! सोबत घेऊन जा म्हणून! माझा गुडघा धरला होता त्या दिवशी, नाहीतर मीच आले असते..."

आणि त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना सगळ्यांच्या नंतर कळलं.

केतकी चौथऱ्यावरून खाली उतरली. बोरसे सिस्टरांच्या समोर, हातभर अंतरावर, उभी राहिली. रागानं नाही. निदान दिसणाऱ्या रागानं नाही.

"का सिस्टर? भांडारात एकटीनं का जायचं नाही?"

"खोकी जड असतात."

"ट्रॉली आहे."

"अंधार असतो तिथं."

"दिवे आहेत. भाऊंनीच बसवलेत. मी रुजू झाले त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत. तुम्हाला तुमच्या सिनिअरनं सांगितलं असेल. सानिका मॅडम, तुम्हाला?"

सानिकानं ओल्या डोळ्यांनी निशिगंधाकडं पाहिलं. तिला निशिगंधानंच सांगितलं होतं. औषधं आणायला जाशील तेव्हा कुणाला तरी घेऊन जा हं, असं, जाता जाता, लिफ्टची वाट बघताना. इथली रीतच होती ती. नव्या मुलीला हजेरीचं यंत्र दाखवायचं, पाण्याची टाकी दाखवायची, आणि भांडारात दोघींनी जायचं असं सांगायचं. कारण विचारायची रीत नव्हती.

"मी पोलिसांना सांगितलं," केतकी म्हणाली. "समितीला सांगितलं. सानिका मॅडमना सांगितलं, छताच्या डोळ्याला सांगितलं. प्रत्येक वेळी एकटीनं. आता मी नाही सांगणार. आज तुमच्यातली कुणीतरी सांगा. भांडारात दोघींनी का जायचं?"

पाहुणी टेबलावर शांत बसून होती. तिला हा प्रश्न नव्हता. मागे भिंतीला टेकलेल्या दोघी पायांकडं बघत होत्या. समुपदेशक बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन एकदा उघडली, एकदा लावली. निशिगंधाच्या हातातल्या पाटीवर डॉ. वाणींचं नाव लुकलुकत होतं, तिसरा फोन. तिनं पाटी पालथी घातली.

प्रमोदभाऊंनी तिच्या आईला मुंबईच्या इस्पितळात जागा मिळवून दिली होती. हे यंत्र आणून दिलं होतं. त्या सगळ्यासकट ती उभी राहिली.

"कारण प्रमोद खैरनार बायकांवर हात टाकतो," ती म्हणाली. "म्हणून आपण दोघी-दोघी जातो. त्यानं केतकीवर बलात्कार केला. आणि हे ठरवायला आपल्याला कुठलाच आकडा लागत नव्हता. आपल्या सगळ्यांना ते माहीत होतं. हे यंत्र यायच्या कितीतरी आधीपासून."